कुलूप बार्दुरच्या नावे

पाच खुर्च्या होत्या, माणसं चार.
खाली खारवलेल्या कॉड माशांचं जुनं गोदाम, वर आम्ही,
आणि फळ्यावर हानुसनं लिहिलेला विषय:
कोड ठेवायचा कुठे.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं.
पण आमचा प्रोग्रॅम वेस्टमान्नाच्या होड्यांना सांगतो
सामुद्रधुनीतलं पाणी कधी वळणार.
वळतं ते दिवसातून चार वेळा,
आणि आमचं चुकलं तर होडी खडकाला विचारते.

सबव्हर्जनच राहू दे, तुम्मास म्हणाला.
एक सर्व्हर, तोर्शाव्हनला, एकच खरी प्रत.
घरात घड्याळ एकच असावं,
दोन असली की कुणालाच वेळ कळत नाही.
हानुस म्हणाला, गिट.
प्रत्येकाकडे सगळं. पहिल्या ओळीपासूनचं, खाडाखोडीसकट.
मागच्या जानेवारीत केबल तुटली, आठवतंय?
नऊ दिवस आपण हात बांधून कॉफी पीत बसलो.
हात बांधून कॉफी कशी पितात, सुन्वानं विचारलं.
कुणी हसलं नाही.

भिजत घोंगडं तिसऱ्या आठवड्यात गेलं.
या बेटांवर घोंगडी तशीही वाळत नाहीत.

पाचव्या खुर्चीविषयी मात्र कुणी बोलेना.
प्रवाहाचं गणित मुळात बार्दुरचं.
दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, पाच मिनिटं उशीर धरा,
मी म्हणाले तीन,
तो म्हणाला, तुझ्या बापानं कधी होडी वल्हवली होती का,
मी म्हणाले ते इथे लिहीत नाही.
शुक्रवारी त्यानं त्या फाइलला कुलूप घातलं
आणि पुढच्या जहाजानं डेन्मार्कला गेला.

कुलूप सर्व्हरवर तसंच. त्याच्या नावे.
तोडता येतं. नेहमीच्याच आज्ञेत एक शब्द जास्तीचा,
जबरदस्तीचा.
तो मी कितीदा टाइप केला, आणि एकेक अक्षर मागे घेतलं.
तोवर आम्ही त्या फाइलला वळसा घालून कोड लिहीत राहिलो,
रस्त्यात मेंढी बसली की गाडी घालते तसा.

मग मत द्यायची पाळी माझ्यावर आली.
मला वेगाचं विचारायचं नव्हतं, जागेचंही नाही.
मी विचारलं, यातल्या कुठल्या पद्धतीत
माणसाला भांडून जाता येतं?
म्हणजे सगळं बरोबर घेऊन, मागे कुणाची दारं न लावता,
आणि पुढेमागे वाटलंच
तर एखादी ओळ पाठवून देता येते?

हानुस फळ्याकडे बघत म्हणाला, यात कुलूपच नाही.
तुम्मासनं टोपी चढवली. घ्या मग,
पण भिंतीवर एक घड्याळ राहू दे.
राहिलं.

जुना इतिहास नव्या घरात आणायला एक रात्र लागली.
चार हजार नोंदी. बार्दुरच्या आखूड, खडेमिठासारख्या:
चूक माझी. दुरुस्त.
चूक रान्वाची. दुरुस्त.
चूक चंद्राची नाही, आपली.
सकाळी त्याला पत्ता कळवला. नुसता पत्ता.

एप्रिलात ऑलबोर्गहून एक फाटा आला.
नमस्कार नाही, कशी आहेस नाही.
एक फाइल, एक ओळ, पाच मिनिटं.
यंत्रानं हात वर केले:
वर माझे तीन, खाली त्याचे पाच,
मधे बरोबरीच्या चिन्हांची एक रांग,
कुठलं ठेवायचं, तूच सांग.

मी काहीच ठेवलं नाही.
स्क्रीन तशीच उघडी टाकून धक्क्यावर गेले,
बापाचं मनगटी घड्याळ, वही, थर्मास.
तक्त्यानं दिलेली वेळ पहाटे चार दहा.
त्यात माझे तीन धरले तर, चार तेरा.

चार तेरा. शेवाळाचा दोर अजून वायव्येकडे ताणलेला.
थंडीनं पेन्सिल उमटेना, ती जिभेवर ओली केली,
लिहिलं, चौदा.
अजून वाहतंय.